धूर कोणाच्या वस्तीत सोडायचा, हे कायद्याने ठरवा

१९२७ हे साल आंबेडकरी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. त्या वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आमचा हक्क जगासमोर मांडला. त्याच सालापासून मुंबईच्या पूर्वेला, देवनारच्या खाडीकाठी, या महानगराचा कचरा पडू लागला. योगायोगच म्हणायचा. पण चवदार तळ्याचा खटला दहा वर्षांत निकाली निघाला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. देवनारच्या डोंगराची शंभरी भरत आली, आणि त्याखाली दबलेल्या माणसांचा खटला अजून नीट उभाही राहिलेला नाही.

जानेवारी २०१६ मध्ये हा डोंगर पेटला, तेव्हा धूर उपग्रहातून दिसला, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. धूर वाऱ्याबरोबर दूरच्या सोसायट्यांपर्यंत गेला म्हणून तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला, हे कटू असले तरी खरे आहे. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगरच्या लोकांना तो धूर नवा नव्हता. पुढे २०२४ मध्ये राज्य सरकारने या जमिनीपैकी सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी द्यायचे ठरवले आणि मग २०२५ मध्ये महापालिकेने साठलेला १८५ लाख टन कचरा उपसण्याची निविदा काढली. म्हणजे जमिनीला भाव आला तेव्हा कचरा उपसण्याची घाई झाली. त्या कचऱ्यात ज्यांच्या तीन पिढ्या खोकत राहिल्या, त्यांच्यासाठी इतकी वर्षे पैसा नव्हता. आणि तिथे राहायला कोण जाणार? धारावीतलेच, ‘अपात्र’ ठरलेले गरीब. सोसायटीतला कोणी नाही.

हे आम्ही रागाने लिहीत आहोत हे मान्य. पण या लेखाचा विषय राग नाही, कायदा आहे.

जुन्या गावाची रचना वाचकांना सांगायला नको. वस्ती गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या खालच्या अंगाला. गावाचा वास वस्तीकडे जावा, वस्तीवरचा वारा गावाला लागू नये. मेलेले ढोर ओढायचे काम आमच्याकडे आणि ते टाकायची जागाही आमच्याच शेजारी. म्हणून बाबासाहेबांनी गाव सोडून शहराकडे चला म्हटले. लोक शहरात आले. शहराने काय केले? गावकूस पुन्हा बांधले, फक्त त्याला ‘विकास आराखडा’ असे नाव दिले. मुंबईचा एम पूर्व विभाग पाहा. डम्पिंग तिथे, कत्तलखाना तिथे, रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याची भट्टी तिथे. शेजारी चेंबूर-माहुल-ट्रॉम्बेच्या पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना, औष्णिक वीज केंद्र. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, २४ विभागांत सर्वांत खालचा. राहणारे कोण? दलित, मुसलमान, मातंग-चर्मकार, उत्तरेकडून आणि मराठवाड्यातून आलेले मजूर.

यावर एक युक्तिवाद ठरलेला असतो. लोक तिथे स्वतःहून राहायला गेले, कारखाने आधीचे. हे अर्धेही खरे नाही. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून चीता कॅम्पला कोणी नेऊन टाकली? तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या २०१७ मध्ये पाडल्यावर त्या कुटुंबांना माहुलच्या ७२ इमारतींत कोणी कोंबले? माहुलच्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते. तो निकाल कपाटात ठेवून, दोन वर्षांनी, सरकारी यंत्रणेनेच हजारो माणसे तिथे पाठवली! शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. त्यांना महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या. आणि माहुलचे कोळी तर तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कितीतरी पिढ्या आधीचे. आधी कोण आले हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो कोळीवाड्यात जाऊन विचारावा.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्याच्या विस्ताराच्या जनसुनावणीला गेलो होतो. गाव आणि कारखाना यांचे नाव येथे महत्त्वाचे नाही. मंडप, पंखे, पाण्याच्या बाटल्या, पहिल्या तीन रांगांत कंत्राटदारांची माणसे. शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश, आणि तो सारांशही असा की इंग्रजी बरे वाटावे. बौद्धवाड्यातल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, “साहेब, तुम्ही ह्या नव्या चिमणीचा धूर मोजला. पहिल्या चार चिमण्या हायेत, त्यांचा आणि ह्याचा मिळून किती, ते सांगा.” अधिकारी शांतपणे म्हणाले, “मावशी, तो या प्रकल्पाचा विषय नाही.” इतिवृत्तात त्या प्रश्नाची नोंद ‘प्रदूषणाबाबत शंका उपस्थित केली’ एवढीच झाली.

आमच्या मते त्या आजींनी एका वाक्यात या देशाच्या पर्यावरण कायद्यातील सर्वांत मोठे भगदाड दाखवले. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना, हे सारे एकेका कारखान्याकडे पाहतात. अहवालात परिसराची सद्यस्थिती नोंदवावी लागते, हे खरे. पण या वस्तीवर आधीच पुरेसा बोजा आहे, म्हणून येथे आणखी एक भट्टी नको, असे म्हणून परवानगी नाकारणे अधिकाऱ्यावर बंधनकारक करणारे कलम कुठल्याही कायद्यात नाही. प्रत्येक कारखाना आपापल्या मर्यादेत, आणि वस्ती मर्यादेबाहेर. त्यातही अधिसूचित औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतूनच सूट मिळते. मग त्या आजींना प्रश्न विचारायला मंडपही उरत नाही.

आता एक कायदा आपल्याला चांगला माहीत आहे, त्याकडे या अंगाने पाहू. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. त्याच्या कलम ३ मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या घरात वा दारात विष्ठा, सांडपाणी, मेलेली जनावरे किंवा घृणास्पद पदार्थ टाकणे हा गुन्हा आहे. त्याच्या शेजारात, म्हणजे वस्तीत, असा कचरा टाकणे हाही गुन्हा आहे. त्याच्या वापरातले पाणी घाण करणे हाही गुन्हा आहे. संसदेला हे लिहावे लागले, कारण आमच्या वस्तीत घाण टाकणे ही या समाजाची जुनी रीत होती. पण वकिलाने कलम शेवटपर्यंत वाचावे लागते. शेजारात कचरा टाकण्याच्या पोटकलमात ‘इजा, अपमान किंवा त्रास देण्याच्या हेतूने’ असे शब्द आहेत. पाटलाने एक बैलगाडी कचरा वस्तीत ओतला तर हेतू सिद्ध करता येतो. नगरपालिकेने रोज शंभर गाड्या ओतल्या तर? हेतू कोणाचा? ठराव सभेचा, सही अभियंत्याची, निविदा कंत्राटदाराची. जात कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते.

ही अडचण आमच्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांनी नेमक्या याच भिंतीवर डोके आपटले. १९७९ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्तीत कचराभूमी येणार होती. लिंडा मॅकीव्हर बुलार्ड या वकील बाईंनी दावा लावला आणि त्यांचे समाजशास्त्रज्ञ पती रॉबर्ट बुलार्ड यांनी शहरभर हिंडून माहिती गोळा केली. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत, शहराच्या आठपैकी सहा भट्ट्या कृष्णवर्णीय वस्त्यांत. आणि शहरात त्यांची लोकसंख्या सुमारे एक चतुर्थांश! तरी दावा हरला, कारण भेदभावाचा हेतू सिद्ध झाला नाही. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील वॉरेन काउंटीत विषारी मातीच्या ट्रकांपुढे लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली, तरी माती तिथेच पुरली गेली. १९८७ मध्ये एका चर्चच्या वांशिक न्याय आयोगाने देशभराचा अभ्यास काढला. विषारी कचऱ्याचे व्यावसायिक केंद्र कुठे असेल हे सांगणारा सर्वांत प्रभावी घटक उत्पन्न नसून वंश आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

बाबासाहेब तिथे शिकले, १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागवली, १९७२ मध्ये आमच्या तरुणांनी पँथरचे नाव तिकडूनच घेतले. तेव्हा त्यांचे पराभव आणि त्यांचे विजय दोन्ही आपण अभ्यासले पाहिजेत. पराभवाचा अभ्यास आपण फार कमी करतो.

न्यूजर्सी राज्यातील कॅम्डेन शहराची गोष्ट अशीच. गरीब कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्ती. सांडपाणी प्रकल्प, कचरा जाळणारी भट्टी आधीच उरावर. त्यात सिमेंटसाठी धातुमळी दळणारा कारखाना आला. १९ एप्रिल २००१ रोजी संघीय न्यायाधीशांनी कारखान्याला मनाई केली. परिणाम विषम असेल तर तोही भेदभावच, हे तत्त्व त्यांनी मानले. लोकांनी आनंद केला. पाचच दिवसांनी, २४ एप्रिलला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्याच एका प्रकरणात ठरवले की विषम परिणामाच्या नियमांवर सामान्य नागरिकाला दावा लावता येणार नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपिलात कॅम्डेनची मनाई उठली. कारखाना चालू झाला. पाच दिवसांचा न्याय!

त्या राज्यातील कार्यकर्त्यांनी यातून धडा घेतला. न्यायालयात हेतू सिद्ध करत बसण्यापेक्षा हेतूचा प्रश्नच कायद्यातून काढून टाकायचा. नेवार्कच्या आयर्नबाउंड भागातील वस्ती संघटना आणि राज्यभरचे गट दहा वर्षांहून अधिक काळ विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवत राहिले. १८ सप्टेंबर २०२० रोजी कायद्यावर सही झाली; नियम एप्रिल २०२३ मध्ये लागू झाले. हा कायदा वकिलांनीच नव्हे, कार्यकर्त्यांनीही वाचला पाहिजे.

तो तीन सोप्या गोष्टी करतो. पहिली, वस्तीची व्याख्या आकड्यात. जनगणनेच्या लहान गटात ३५ टक्के घरे अल्प उत्पन्नाची, किंवा ४० टक्के रहिवासी अल्पसंख्य वंशाचे वा मान्यताप्राप्त आदिवासी समूहाचे, किंवा ४० टक्के घरांत इंग्रजीची अडचण, यांपैकी एक असले तरी ती ‘बोजाखालची वस्ती’. हेतू सिद्ध करायची गरज संपली. तक्ता काढा आणि बघा. दुसरी गोष्ट, आठ प्रकारच्या प्रकल्पांची यादी: मोठे वायुप्रदूषक, कचऱ्याच्या भट्ट्या, मैल्याचा गाळ जाळणारे प्रकल्प, मोठी सांडपाणी केंद्रे, रोज शंभर टन वा अधिक कचरा हाताळणारी केंद्रे, भंगार प्रकल्प, कचराभूमी, वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्या. तिसरी गोष्ट खरी. त्या वस्तीवर आधीचा आणि नवा मिळून पडणारा बोजा इतर वस्त्यांपेक्षा विषम असेल, तर नव्या प्रकल्पाची परवानगी नाकारावीच लागते. ‘नाकारता येईल’ नव्हे, ‘नाकारावी’. आजींचा प्रश्न तिथे कायद्याचे कलम झाला आहे.

त्यात उणिवाही आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या प्रकल्पांना हा कायदा बंद करत नाही, फक्त अटी घालू शकतो. म्हणून आयर्नबाउंडची जुनी भट्टी कायद्यानंतरही उभीच राहिली. शिवाय त्या वस्तीचेच निकडीचे सार्वजनिक हित असेल तर अपवाद ठेवला आहे. तिथे ‘त्या वस्तीचे हित’ असा शब्द आहे, हे बरे. आपल्याकडे नुसते ‘सार्वजनिक हित’ लिहिले तर काय होते, हे १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना विचारा. अपवादाच्या दारातून आख्खा कारखाना आत येतो.

दुसरा धडा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरण न्यायाचा आदेश काढला. एकतीस वर्षे त्याचे कौतुक झाले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो एका सहीने रद्द केला. न्यूजर्सीचा कायदा मात्र अशा सहीने जात नाही, कारण तो विधिमंडळाने केलेला आहे. आमच्याकडे शासन निर्णय, परिपत्रक, कार्यालयीन ज्ञापन यांवर समाधान मानणाऱ्या नेत्यांनी हे लक्षात घ्यावे. चंद्रपूरचे उदाहरण आहेच. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. ४३ ठिकाणे अतिप्रदूषित निघाली, त्यांत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी अगदी वरच्या रांगेत. जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांना बंदी आली. पण ती ज्ञापनाने आली होती, ज्ञापनानेच सैल होत गेली. २०१८ च्या निर्देशांकात आपले तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले! तो निर्देशांक किती लोकांना बाधा होते हे पाहतो. कोणाला होते, हे तो पाहत नाही.

राज्याला असा कायदा करता येईल का, असे आमचे वकील मित्र विचारतात. अडचण आहे. जल कायदा संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली राज्यांच्या ठरावावरून झालेला आहे, तो राज्याला स्वतःहून बदलता येत नाही. पण सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, स्थानिक स्वराज्य, जमीन हे विषय राज्य सूचीत आहेत. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आणि महापालिकांचे कायदे राज्याच्या हातात आहेत. कोणत्या भूखंडावर काय येईल हे तिथेच ठरते. तिथेच बोजाचे कलम घालता येईल. आणि इतिहासही बाजूने आहे. केंद्राने १९७४ मध्ये कायदा करण्यापूर्वी पाच वर्षे, १९६९ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता. तेव्हाच्या विधिमंडळाला जे सुचले ते आताच्याला सुचू नये?

उलट प्रवाह दुसरीकडे वाहतो आहे. २०२३ च्या ‘जनविश्वास’ कायद्याने वायू कायद्यातील व पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या बऱ्याचशा तरतुदी काढून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. विश्वास जनतेचा की कारखानदारांचा, हे नावावरून कळत नाही.

आता मसुद्यातील दोन मुद्दे, ज्यांवर चळवळीतच वाद होईल. वस्ती मोजायची कशी? केवळ अनुसूचित जातींची टक्केवारी घेतली तर गोवंडीचा मुसलमान बाहेर राहतो, माहुलचा कोळी बाहेर राहतो. केवळ उत्पन्न घेतले तर जात पुन्हा कागदावरून पुसली जाते. आमचे मत असे की दोन्ही घ्यावेत, ‘किंवा’ जोडून, न्यूजर्सीसारखेच. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. एखाद्या वस्तीत त्याच्या दुप्पट प्रमाण असेल तर ती वस्ती यादीत आपोआप यावी, आदिवासींसाठीही तसेच. आणि मोजणी ग्रामपंचायतीवर करू नये. तीन हजारांच्या गावात तीनशेचा बौद्धवाडा दहा टक्क्यांत विरघळून जातो, आणि कचराकुंडी मात्र नेमकी त्या तीनशेंच्याच दाराशी असते. जनगणनेचा गणना गट सातशे-आठशे लोकांचा असतो. तेच एकक धरावे, आणि वाडा वेगळा असेल तर वाडाच.

दुसरा वाद जुन्या प्रकल्पांचा. नवे थांबवून भागणार नाही, आमच्या उरावर जुनेच बसले आहे. प्रत्येक कारखान्याला संमतिपत्राचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी एकत्रित बोजा मोजायचा आणि तो कमी करण्याचा कालबद्ध कार्यक्रम नसेल तर नूतनीकरण नाही, एवढे कलम पुरे. पण हलवायचे ठरले तर कुठे, हेही बघावे लागेल. गोवंडीच्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याची भट्टी दोन वर्षांत हलवण्यास सांगितले. लोक जिंकले, याचा आनंद आहे. जागा ठरली रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात. त्या तालुक्यात कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या वाड्या आहेत. आमच्या वस्तीतली भट्टी उचलून कातकऱ्याच्या वाडीजवळ ठेवणे हा आंबेडकरी विजय होऊ शकत नाही.

रोजगाराचे काय, हा प्रश्न आमचेच बांधव विचारतात आणि तो टाळता येणार नाही. डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्या भगिनी आमच्याच आहेत; डम्पिंग बंद झाले की त्यांची चूल बंद होते. म्हणून वेचकांना ओल्या-सुक्या कचऱ्याच्या विकेंद्रित केंद्रांत हक्काचे काम, हे त्याच कायद्याचे प्रकरण असले पाहिजे. वेगळ्या योजनेवर सोडले तर ते कधीच येणार नाही. बाकी कारखानदारीला आमचा विरोध नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. वीज, धरणे, उद्योग यांचा त्यांच्याइतका आग्रह त्या काळी थोड्यांनी धरला असेल. पण नोकरी देताना कारखान्याला वस्तीतली मुले चालत नाहीत, कंत्राटी झाडूकामाला तेवढी चालतात, आणि धूर मात्र कायमस्वरूपी सेवेत असतो. हा हिशेब कोणीतरी विचारला पाहिजे.

२०२७ च्या जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. वर सांगितलेला सगळा कायदा या नोंदीवर उभा राहणार आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्यावर जातीचा रकाना रिकामा ठेवणारी घरे आपल्यात बरीच आहेत. त्यामागची भावना आम्ही समजतो. पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत, आणि रकाना रिकामा राहिला तर ती वस्ती सरकारी तक्त्यात अनुसूचित जातींची वस्ती म्हणून दिसणारच नाही. दोन्ही रकाने भरा. वस्तीवस्तीत कार्यकर्त्यांनी हे समजावून सांगावे.

त्याबरोबरच प्रत्येक तालुक्यातील आपल्या वकिलांनी एक काम घ्यावे. आपल्या तालुक्यातील कचराभूमी, भट्ट्या, रासायनिक कारखाने आणि सांडपाण्याचे नाले एका नकाशावर मांडावेत आणि त्याच नकाशावर बौद्धवाडे, मातंग वस्त्या, आदिवासी पाडे, मुस्लिम मोहल्ले दाखवावेत. रॉबर्ट बुलार्ड यांनी ह्यूस्टनमध्ये हेच केले होते, संगणक नसताना. महाडच्या मित्रांनी सुरुवात करावी; ज्या गावात पाण्यासाठी रक्त सांडले, त्याच्याच औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल सावित्री नदीकाठची गावे वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत. नकाशे जमले की अशासकीय विधेयकाचा मसुदा आम्ही लिहून देऊ. तो कोणीही आमदार मांडू शकतो, त्यासाठी मंत्रिपद लागत नाही. मसुदा मराठीतच असेल. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तेव्हा तो २२ भाषांत द्या हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालय लागले होते.